पोथीतील कागद

गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी आमच्या धाकट्या बंधूंची मंडळी दारव्ह्याहून यवतमाळास आमचे घरी आली होती. विसर्जन होऊन घर जरा निवांत झाल्यावर आमची धाकटी भावजय नित्याप्रमाणे शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचावयास बसली. पोथीचे बासन सोडताना आतून घडी घातलेला एक कागद खाली पडला, तो आमच्या सौ.ने उचलला. कागद इंग्रजीत असल्यामुळे तो साहजिकच आमच्यापर्यंत आला. या घरात इंग्रजी वाचण्याचे काम, पात्रता असो वा नसो, आम्हांकडेच येते. भावजयीचा चेहरा मात्र त्या क्षणी पांढराफटक पडला.

कागद सात महिन्यांपूर्वीचा होता. पौषात त्यांच्या गावी स्त्रियांच्या आरोग्यतपासणीचे एक शिबिर भरले होते, आणि शेजारणींच्या आग्रहावरून ती तेथे गेली होती. माघात हा अहवाल हाती आला. देणाऱ्या बाईंनी "मोठ्या दवाखान्यात दाखवा" एवढे म्हटले आणि त्या पुढच्या नावाकडे वळल्या. भावजयीने त्यातील एक शब्द कागदाच्या चिठोऱ्यावर उतरवून, आपले नाव न सांगता, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीस विचारला. त्या पोरीने मोबाइलवर पाहून 'कॅन्सरचं काहीतरी आहे' असे सांगितले. झाले! मुलीचे लग्न वैशाखात ठरलेले. ही वार्ता व्याह्यांच्या कानी गेली तर काय, या भयाने त्या बाईने कागद पोथीत ठेवला. लग्न झाले, आषाढ गेला, श्रावण गेला, रोज पोथी निघत होती आणि रोज कागद पुन्हा तीत जात होता. त्या रात्री ती आमच्या सौ.स म्हणाली, "ताई, माझं काय व्हायचं ते होईल. पण घरात बोभाटा नको." नवऱ्यालाही तिने सांगितले नव्हते.

हे सर्व आम्ही तिच्या अनुमतीने लिहीत आहो. गतमासी दोन वाचक भगिनींनी पत्रे पाठवून 'पॅप तपासणीचा अहवाल दोषयुक्त आला म्हणजे काय' असे विचारले आहे. त्यांस उत्तर द्यावयाचे तर हीच हकीकत सांगणे सोयीचे, असे तिनेच सुचविले.

रात्री दिव्याखाली आम्ही तो कागद घेऊन बसलो. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते, आणि वैद्यकाचा गंध नाही. परंतु ज्या वाक्याचा अर्थ लागत नाही त्याचा आधी पदच्छेद करावा, ही सवय चाळीस वर्षे संस्कृत शिकवून अंगी मुरलेली आहे. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'हाय-ग्रेड स्क्वेमस इंट्राएपिथेलियल लीजन'. कोश काढला. 'स्क्वेमा' म्हणजे लॅटिन भाषेत खवला. खवल्यांसारख्या चपट्या पेशी असलेले ते 'स्क्वेमस'. 'लीजन' म्हणजे क्षत, विकृती. 'एपिथेलियम' म्हणजे शरीरातील इंद्रियांचे वरचे अस्तर. आणि 'इंट्रा' म्हणजे आत, त्याच्या मर्यादेत. एवढे जुळताच आम्ही कोश मिटला. 'वरच्या प्रतीची विकृती, पण अस्तराच्या आतलीच' असा तो अन्वय होता. ज्या शब्दाने ती बाई सात महिने रोज थोडी थोडी मरत होती, त्याच शब्दाच्या पोटात तिचे अभयवचन बसलेले होते. कर्करोग म्हणावयाचे ते पेशी अस्तराची सीमा ओलांडून खालच्या मांसात शिरतात तेव्हा. येथे सीमा ओलांडली गेली आहे असे अहवाल म्हणत नव्हता. अर्थात व्युत्पत्तीने रोगाचे निदान होत नाही, हे आम्हांसही कळते. म्हणून दुसऱ्याच दिवशी यवतमाळातील एका स्त्रीवैद्यांकडे उभयतां जावांना आम्ही घेऊन गेलो. त्यांनी तोच अर्थ सांगितला, आणि वर हेही सांगितले की सात महिने गेले ते बरे झाले नाही, आता सात दिवसही घालवू नका.

ही तपासणी शोधून काढणारे डॉक्टर जॉर्ज पापानिकोलाऊ हे मूळचे ग्रीक. त्यांच्याच नावाचे आद्याक्षर-लाघव करून 'पॅप' हा शब्द झाला. न्यूयॉर्कात ते गिनीपिग नावाच्या प्राण्यांवर प्रयोग करीत. पुढे स्त्रियांच्या गर्भाशयमुखावरून आपोआप गळणाऱ्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास कर्करोगाच्या पेशी ओळखू येतात, असे त्यांनी १९२८ साली जाहीर केले. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९४१ साली हर्बर्ट ट्राउट या सहकाऱ्याबरोबर त्यांनी पुन्हा लेख लिहिला, १९४३ साली ग्रंथ आला, तेव्हा जग जागे झाले. आम्हांस त्यांच्याहून अधिक नवल वाटते ते त्यांच्या पत्नीचे. मेरी नामक या बाईंनी वर्षानुवर्षे आपल्या स्वतःच्या शरीरातील नमुने पतीस तपासावयास दिले. जगातील कोट्यवधी स्त्रियांचे प्राण ज्या काचेच्या पट्टीने वाचले, तीवरील पहिल्या पेशींत या बाईंच्या पेशी होत्या.

कृती अगदी साधी आहे. स्त्रीवैद्य किंवा परिचारिका एका लहानशा कुंच्याने गर्भाशयाच्या मुखावरील पेशी अलगद खरवडून घेतात. दोनतीन मिनिटांचे काम. किंचित अवघडल्यासारखे वाटते, एवढेच. त्या पेशी रंगवून पाहिल्या असता जो अहवाल येतो, त्यात 'निर्दोष' या शब्दाखेरीज काहीही लिहिलेले असले की आमच्या घरांतून धाबे दणाणते. वस्तुतः त्या शब्दांना पायऱ्या आहेत. 'दाह' असे लिहिले असेल तर बहुधा साधा जंतुसंसर्ग असतो. 'नमुना अपुरा' म्हणजे काच नीट तयार झाली नाही, पुन्हा द्या, एवढाच अर्थ. त्यात बाईचा दोष नाही. काही वेळा 'निश्चित अर्थ सांगता येत नाही' अशा आशयाची अक्षरे असतात. तेव्हा काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात अथवा विषाणूची चाचणी करतात. 'लो-ग्रेड' म्हणजे खालच्या प्रतीची विकृती. हिच्यातील बहुतेक एकदोन वर्षांत आपली आपण नाहीशी होते, परंतु नाहीशी झाली की नाही हे पाहावे मात्र लागते. 'हाय-ग्रेड' असे लिहिले असता दुर्बिणीसारख्या भिंगाच्या यंत्रातून, ज्यास कॉल्पोस्कोप म्हणतात, ती जागा प्रत्यक्ष पाहून संशयित भागाचा कणभर तुकडा तपासावयास घ्यावा लागतो. तेथे निकाल कळतो. पॅपच्या कागदावर तो कळतच नसतो. तो कागद म्हणजे आमच्या भाषेत पेपरावर मारलेली तांबडी खूण, निकालपत्र नव्हे.

या सर्वांच्या मुळाशी 'ह्यूमन पॅपिलोमा' नावाचा विषाणू आहे. त्याचे आणि या रोगाचे नाते जर्मनीच्या हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास दाखविले आणि त्याबद्दल त्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. हा विषाणू दांपत्यसंबंधातून येतो. तेवढ्यावरून कोणी कोणाच्या शीलाविषयी मनात किंतु आणील तर ते केवळ अज्ञान होय. बहुतेक सर्व विवाहित स्त्रीपुरुषांस तो आयुष्यात कधी ना कधी शिवून जातो, पुरुषाच्या ठायी बहुधा काही लक्षणही दिसत नाही, आणि शरीर त्यास साधारण दोन वर्षांत घालवून देते. ज्या थोड्यांच्या ठिकाणी तो चिवटपणे टिकून राहतो, त्यांच्यात विकृती उत्पन्न होऊन तिचा कर्करोग होण्यास सामान्यतः दहा ते वीस वर्षे लागतात. म्हणजे ५२ व्या वर्षी जे दिसले त्याचे बीज कदाचित पस्तिशीतले असेल. रोगाने इतकी सवलत देणे दुर्मिळ आहे. वाघ मागे लागला असता तो वीस वर्षे पायवाटेवर दिसत राहावा, यापरते दुसरे भाग्य कोणते?

आणि तरी ती सवलत आम्ही दवडतो. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांस हा रोग जडला आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्याने गेल्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करवून घेतली होती. आमच्या ओट्यावर संध्याकाळी जमणाऱ्या पेन्शनर मंडळींस एकमेकांच्या रक्तातील साखरेचे आकडे पाठ आहेत. त्यांच्या घरच्या बायकांची ही तपासणी झाली आहे काय, असे आम्ही गेल्या महिन्यात विचारले, तेव्हा सहाही जण पिंपळाकडे पाहू लागले. आम्ही सातवे.

तपासणीने खरोखर प्राण वाचतात काय, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी जगास दिले त्या स्त्रिया परदेशातल्या नव्हत, आपल्याच मराठवाड्यातल्या होत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ साली ग्रामीण भागासाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. गावोगाव फिरून कोणास कोणता कर्करोग झाला याची नोंद ठेवणारी ही देशातील पहिली ग्रामीण नोंदवही होय. त्याच परंपरेतून १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्यास आता धाराशिव म्हणतात, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे हे रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधनसंस्था यांनी मिळून एक प्रचंड प्रयोग आरंभिला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. काही गावांत विषाणूची चाचणी, काहींत पॅप, काहींत शिरक्यातील आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धती, आणि काहींत केवळ माहिती, असे चार भाग केले. आठ वर्षे मागोवा घेतला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या गावांत विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा झाली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. केवळ माहिती दिलेल्या गावांत ६४ स्त्रिया दगावल्या, चाचणीच्या गावांत ३४. इतर दोन पद्धतींत एका फेरीने असा ठळक फरक दिसला नाही.

त्या ६४ जणींविषयी आमच्या मनात प्रश्न उभा राहतो, तो लपवीत नाही. ज्यांस तपासणी दिली नाही त्यांच्यामुळेच तपासणीचे मोल सिद्ध झाले, आणि या रीतीवर पुढे विद्वानांत वादही झाला. त्यांची नावे कोणत्याही लेखात नाहीत. आज जी बाई निदान झाल्यावर वेळेत बरी होऊन घरी येते, ती त्यांची ऋणी आहे, एवढे तरी म्हणावयास हवे.

याच प्रयोगातील आणखी एक आकडा आम्ही भावजयीस मुद्दाम सांगितला. पॅप झालेल्या शंभर स्त्रियांमागे सातांचे अहवाल दोषयुक्त आले, आणि विषाणूची चाचणी झालेल्या शंभरांमागे दहांचे. यांतील फार थोड्यांस प्रत्यक्ष कर्करोग होता. म्हणजे वाईट कागद हाती येणे ही जगावेगळी आपत्ती नव्हे. प्रत्येक आळीत तशी एखादी असावयाचीच, केवळ तीही आपला कागद कुठल्याशा पोथीत ठेवून बसलेली असते.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाचे डॉक्टर सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून केलेला दुसरा प्रयोग आम्हांस स्वतःस फार प्रिय आहे. तेथे तपासणी डॉक्टरांनी केली नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या स्त्रियांस चार आठवडे शिकवून तयार केले. त्या गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावीत आणि मिनिटभर थांबून चांगल्या प्रकाशात पाहात. विकृत जागा असेल तर ती पांढरी होते. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी उतरले. मॅट्रिक झालेल्यांची जी थट्टा पदवीधर भाचे-पुतणे करतात, ती ऐकून घेताना आता आम्ही या बायांचे स्मरण करतो. सरकारनेही २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी याच पद्धतीने तपासणी व्हावी असे धोरण आखले आहे.

पण भीतीची दुसरी बाजूही आहे. भिऊन कागद लपविणारी एक, आणि भिऊन भलतेच करून बसणारी दुसरी. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले, त्यांत १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली होती. अंगावर पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्यावरून 'पुढे कॅन्सर होईल' असे भय आपणांस घातले गेले, असे कित्येकींनी सांगितले. म्हणून आमच्या भगिनींस आग्रहाने सांगणे आहे की, केवळ पॅपचा अहवाल दोषयुक्त आला यावरून कोणी 'पिशवीच काढून टाका, ब्याद जाईल' असे म्हणेल तर त्यास आधी विचारावे: भिंगातून पाहिले काय? तुकडा तपासला काय? बहुतेक पूर्वविकृतींस संपूर्ण गर्भाशय काढण्याचे कारणच पडत नाही.

आमच्या भावजयीचे असेच झाले. आश्विनात भिंगातून तपासणी होऊन तुकडा काढला. विकृती तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पायरीची निघाली, तथापि अस्तराच्या आतच होती. कार्तिकात विजेच्या प्रवाहाने तापणाऱ्या बारीक तारेच्या फासाने तेवढा भाग कापून घेतला. जागा बधिर केली होती. दुपारी गेली ती दिवेलागणीस घरी आली आणि वरणभात जेवली. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे एका काळी अशा तिसऱ्या पायरीच्या काही स्त्रियांस, त्यांस न सांगता, पुरते उपचार न देता केवळ पाहात ठेवले होते. त्याची पुढे १९८७-८८ साली सरकारी चौकशी झाली. त्या स्त्रियांचा जो हिशेब २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यावरून अशा शंभर जणींपैकी सुमारे तीस जणींस तीस वर्षांत कर्करोग होतो असे दिसते. नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण शंभरांत एकाहूनही कमी. पोथीतील कागद आणि कार्तिकातील ती दुपार यांमध्ये एवढे अंतर होते.

राहता राहिली लज्जा. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाचा तिसावा अध्याय स्त्रियांच्या गुह्येंद्रियाच्या वीस व्याधींस दिला आहे आणि अवयवाचे नाव अध्यायाच्या मथळ्यातच घेतले आहे. त्या ऋषींस लाज वाटली नाही. लाज वाटली ती आम्हां मास्तरांस. कुमारसंभवाचा आठवा सर्ग वगळता वगळता आम्ही बायकांचे अर्धे शरीरच अभ्यासक्रमातून वगळून टाकले. पुरुषवैद्यांपुढे आमच्या स्त्रिया मोकळेपणी बोलत नाहीत, म्हणून हिंदू स्त्रीवैद्य हवी, असे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली श्रीरामपूर येथील सभेत सांगितले आणि त्या विलायतेपलीकडे अमेरिकेस गेल्या. (हे श्रीरामपूर नगरचे नव्हे, बंगालचे.) त्यांनी मागितली ती सोय आज तालुक्याच्या गावीही बहुधा मिळते. शिवाय विषाणूच्या चाचणीसाठी स्त्रीने आपला नमुना स्वतःच आडोशास जाऊन घेतला तरी चालतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्य केले आहे. ज्या रुग्णालयात ती सोय असेल तेथे अवश्य विचारावे.

पाळीचे दिवस टाळून तपासणीस जावे. पाळी गेली म्हणजे ही कटकट गेली, असे समजू नये; ६५ पर्यंत ती आहेच. आणि पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अथवा संबंधानंतर रक्त गेले, किंवा दुर्गंधीयुक्त स्राव होऊ लागला, तर शिबिराची वाट पाहू नये, पूर्वीचा अहवाल निर्दोष होता म्हणून स्वस्थही बसू नये. तडक वैद्य गाठावा. घरात नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील तर या विषाणूविरुद्धची लस त्यांस द्यावी. पुण्याच्या सीरम संस्थेने केलेली देशी लसही २०२३ पासून आली आहे. लस घेतलेल्या मुलीने मोठेपणी तपासणी सोडू नये, हेही तिच्या आईने ध्यानात ठेवावे.

भावजयीस पुढल्या वैशाखात पुन्हा दाखवावयाचे आहे, आणि त्यानंतरही काही वर्षे. नवऱ्यास तिने शेवटी सांगितले. बंधूंनी काही न बोलता नागपूरच्या गाडीच्या वेळा विचारल्या. त्यांस वाटले नागपुरासच न्यावे लागणार. तो कागद आता पोथीत नाही. विजेची आणि घरपट्टीची बिले जेथे असतात त्या फाइलीत, तारखेच्या क्रमाने, आम्ही तो लावून दिला आहे. वैशाखात तिच्या सोबतीस जावयाचे म्हणून आमच्या सौ.ने परवा त्या स्त्रीवैद्यांकडे दिवस विचारून ठेवला. एकाच्या ऐवजी दोन नावे घातली का, असे आम्ही विचारले, तर म्हणाल्या, "दुसरं माझं. साठी उलटली, एकदाही केलेली नाही. तुम्ही कधी विचारलं होतं का?"